शॉक फ्रंटमधलं विद्युतक्षेत्र: प्रोब का नाही, प्रोटॉन का?

पुणे विद्यापीठातल्या एमएस्सी सेमिनारसाठी तुमचा प्रश्न असा: प्लाझ्मातला (इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूतला) शॉक, म्हणजे दाब आणि घनता एकदम वाढवत जाणारी लाट, स्वतःच विद्युतक्षेत्र तयार करतो, मग ते साध्या प्रोबने, म्हणजे आत घातलेल्या तारेच्या सेन्सरने, का मोजत नाहीत? आणि जीएमआरटीला (खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला) ते दिसेल का?

आधी क्षेत्र येतं कुठून ते पाहू. शॉकच्या मागे दाब जास्त असतो. हलके इलेक्ट्रॉन पुढच्या विरळ भागात निसटू पाहतात, जड आयन मागे राहतात. भार जरासा विभागला की क्षेत्र उभं राहतं आणि इलेक्ट्रॉनांना मागे ओढतं. विभवांतर साधारणपणे इलेक्ट्रॉनांचं तापमान (ईव्हीमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) गुणिले घनतेच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग. एकाण्विक वायूत जोरदार शॉकने घनता 4 पटीपर्यंत जाते. तापमान 100 ईव्ही धरा, सुमारे 140 व्होल्ट येतात. किरकोळ वाटतं ना? पण हा फरक 10 मायक्रॉनमध्ये पडला तर क्षेत्र मीटरला 1.4 कोटी व्होल्ट होतं. हे फळ्यावर जरूर करून दाखवा.

पृथ्वीपुढच्या बो शॉकमध्ये (सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो तिथे) प्रोब चालतो, कारण तिथे जाडी किलोमीटरांत असते. 2015 साली सोडलेले नासाच्या एमएमएस मोहिमेचे 4 उपग्रह 60 मीटर लांब तारांच्या टोकांवरच्या प्रोबांनी तिथलं क्षेत्र मोजतात. प्रयोगशाळेत लेझरने शॉक तयार करतात तेव्हा मात्र सगळा खेळ नॅनोसेकंदांचा, आणि प्रोबची तारच शॉकपेक्षा जाड.

म्हणून तारेऐवजी शॉकमधून प्रोटॉन सोडतात. प्रोटॉन शॉकला लंब, आरपार गेला तर उपयोग नाही. 3 एमईव्हीमध्ये (30 लाख ईव्हीमध्ये) 140 ईव्हीचा फरक सापडायचा कसा? तो शॉकला घासून, स्पर्शरेषेत जायला हवा. मग क्षेत्र त्याला बाजूला ढकलतं आणि पलीकडे ठेवलेल्या फिल्मवर गडद-फिकट रेघ उमटते.

माझ्या मते सेमिनारचा खरा गाभा पुढे आहे. ती रेघ म्हणजे क्षेत्राचा फोटो नव्हे. वाटेत बसलेल्या सगळ्या धक्क्यांची ती बेरीज. शिवाय चुंबकीय क्षेत्रही तशीच रेघ काढू शकतं. वेगळं करायला दोन ऊर्जांचे प्रोटॉन लागतात. विद्युत वळण ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात असतं, चुंबकीय वळण ऊर्जेच्या वर्गमुळाच्या. ड्यूटेरियम आणि हेलियम-3 भरलेली कॅप्सूल लेझरने दाबली की 3 आणि 14.7 एमईव्हीचे प्रोटॉन एकाच वेळी मिळतात. रोचेस्टरच्या ओमेगा लेझरवर ही पद्धत रुळलेली आहे. 3 एमईव्हीचं वळण सुमारे 5 पट आलं तर क्षेत्र विद्युत, 2.2 पट आलं तर चुंबकीय. मधला आकडा आला तर दोन्ही आहेत, आणि तेव्हा प्रारूप जुळवत बसावं लागतं.

जीएमआरटीचं उत्तर छोटं आहे. दीर्घिकासमूहांतल्या शॉकचे रेडिओ अवशेष खोडदहून दिसतात, पण ते सिंक्रोट्रॉन प्रारण, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचं. त्यावरून चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो, शॉकमधल्या विभवांतराचा नाही. सेमिनारमध्ये हे दोन विषय वेगळेच ठेवा.