रेंजर्स फुटबॉल क्लबचे चाहते माजी मालक क्रेग व्हाइटवर इतके का चिडलेले आहेत?

कारण क्लब विकत घेतला गेला तो चाहत्यांच्याच पैशांवर. मे २०११ मध्ये व्हाइटने स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा हा क्लब तेव्हाचे मालक डेव्हिड मरे यांच्याकडून अवघ्या १ पाउंडला घेतला, सोबत बँकेचं सुमारे १.८ कोटी पाउंडचं कर्ज फेडायची जबाबदारीही. ते फेडायला पैसा आला कुठून? पुढच्या हंगामांची सीझन तिकिटं (चाहते अख्ख्या हंगामासाठी एकदम घेतात ती) ‘टिकेटस’ या कंपनीला आधीच विकून! जे सामने अजून व्हायचे होते त्यांची कमाई अशी उडाली. वर खेळाडूंच्या पगारातून कापलेला कर आणि व्हॅट मिळून सुमारे ९० लाख पाउंड सरकारकडे भरलेच नाहीत. १४ फेब्रुवारी २०१२ ला क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, जुनी कंपनी बुडाली आणि संघाला थेट स्कॉटिश फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली.

२०१७ मध्ये फसवणुकीच्या आरोपांतून व्हाइटची निर्दोष सुटका झाली, हेही सांगायला हवं. पण चाहत्यांचा राग कायद्याच्या कलमांवर नाहीच, विश्वासघातावर आहे, आणि मला तो रास्त वाटतो. माझ्या मते मरे यांनाही जाब विचारायला हवा. क्लब अशा माणसाच्या हाती दिला त्यांनीच.