रवांडा : शेजाऱ्याच्या हातात कोयता आला कुठून?

मागच्या अंकात ७ एप्रिलच्या, म्हणजे १९९४ मध्ये झालेल्या तुत्सींच्या वंशसंहाराच्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने आफ्रिकेतल्या रवांडाचा नुसता उल्लेख केला होता, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न : हुतू आणि तुत्सी या दोन टोळ्यांचं पिढ्यानपिढ्यांचं वैर होतं आणि १९९४ मध्ये त्याचा भडका उडाला, एवढंच मला माहितीये. एवढंच आहे का?

नाही, आणि हा समज इतका पक्का बसलाय की आधी तोच काढू या. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा, धर्म तोच, राहायचे त्याच डोंगरांवर, एकमेकांत लग्नं व्हायची, एकाच कुळात दोन्हीकडचे लोक असायचे. ढोबळ मानाने ज्याच्याकडे गुरं जास्त आणि जो राजाच्या जवळचा तो तुत्सी, शेतीवर जगणारा तो हुतू, आणि एखाद्या हुतूची गुरं वाढली तर तो तुत्सीत गणलाही जायचा, फार नाही पण व्हायचं. सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असं मी म्हणत नाहीये, राजाच्या सरदारांनी हुतू शेतकऱ्यांकडून वेठबिगारी करून घेतली होती आणि तो राग खराच होता. पण या भेदाची भिंत केली ती बाहेरच्यांनी. आधी जर्मन आले, पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियन, त्यांनी लोकांची नाकं मोजली, उंची मोजली आणि ठरवून टाकलं की तुत्सी हे वरच्या वंशाचे, बाहेरून आलेले, राज्य करण्यासाठीच जन्मलेले. मग १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी की त्वा (तिसरा, अगदी छोटा समाज) ते लिहून टाकलं. बापाच्या कार्डावर जे, तेच मुलाच्या. साठ वर्षांनी नाक्यानाक्यावर हेच कार्ड बघून माणसं मारली गेली.

१९५९ मध्ये फासे उलटे पडले, बेल्जियननी हुतूंची बाजू घेतली, तुत्सींवर हल्ले झाले, हजारो लोक शेजारच्या युगांडा-बुरुंडीत पळाले. त्या निर्वासितांच्या पोरांनी मोठं होऊन रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट काढली आणि १ ऑक्टोबर १९९० ला ते बंदुका घेऊन परत आले. त्याच्या आदल्याच वर्षी कॉफीचे भाव कोसळले होते, जमिनीचे तुकडे पडून पडून घरात खायला पुरत नव्हतं, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये टांझानियातल्या अरुशाला करार झाला की सरकार आणि फ्रंटने सत्ता वाटून घ्यायची. राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमानांच्या भोवतीच्या मंडळींना नेमकं तेच नको होतं. त्याच सुमारास आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन निघालं, गाणी छान लावायचं म्हणून तरुण पोरं ऐकायची, आणि मधेमधे तुत्सींना इन्येंझी म्हणायचे, म्हणजे झुरळं. इंटरहाम्वे नावाच्या तरुणांच्या दलाला ट्रेनिंग दिलं, कोयते मागवले, नावांच्या याद्या केल्या. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं (कोणी पाडलं यावर आजही वाद आहे) आणि काही तासांत राजधानी किगालीत रस्ते अडवून कार्डं तपासणं सुरू झालं. नुसता भडका असता तर हातात याद्या कुठून आल्या असत्या, तुम्हीच सांगा.

प्रश्न : पण शेजाऱ्याला मारायला साधी माणसं तयार कशी झाली? हे काही केल्या डोक्यात शिरत नाही.

मलाही हे वर्षानुवर्षं छळतंय. जे कळलं ते सांगते. रवांडात सरकारचा हात अगदी शेवटच्या टेकडीपर्यंत पोचायचा, गावच्या अधिकाऱ्याने सांगितलं की सगळ्यांनी श्रमदानाला जायचं ही सवय होती, आणि मारण्यालाही ते 'काम' असंच म्हणायचे. कोणाला शेजाऱ्याची गाय आणि जमीन दिसत होती, कोणाला बंडखोर आले तर आपल्याला मारतील ही रेडिओने घातलेली भीती होती, कोणाला नाही म्हटलं तर आपलाच नंबर लागेल हे माहीत होतं. विरोध करणारे हुतूही मारले गेले, पंतप्रधान आगाथा उविलिंगियिमाना यांना तर दुसऱ्याच दिवशी मारलं.

पण बुटारेची गोष्ट विसरू नका. तिथला प्रीफेक्ट, म्हणजे प्रांताचा प्रमुख, स्वतः तुत्सी होता आणि त्याने साथ दिली नाही, तर बाकी देश पेटलेला असताना तिथे जवळजवळ दोन आठवडे मोठी कत्तल झाली नाही. मग त्याला काढलं, हंगामी राष्ट्राध्यक्षांनी तिथे येऊन भाषण ठोकलं, आणि बुटारेत जे झालं ते फार भयानक. नंतर त्या प्रीफेक्टलाही मारलं. लोक उपजतच खुनी असते तर त्यांनी दोन आठवडे वाट बघितली असती का?

प्रश्न : यूएनचं सैन्य तिथेच होतं ना? मग त्यांनी काय केलं?

होतं, साधारण २,५००. त्यांचे प्रमुख कॅनडाचे जनरल रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ लाच न्यूयॉर्कला तार केली होती की तुत्सींच्या नोंदी गोळा केल्या जातायत, शस्त्रं लपवलीयत, मला धाड घालू द्या. परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये १० बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने आपले लोक काढून घेतले आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठरवलं की २७० च ठेवा. कत्तल चालू असताना! हे लिहिताना आजही हात थरथरतो.

प्रश्न : एवढ्या लोकांना शिक्षा कशी दिली? आणि आता ते एकत्र राहतात म्हणजे माफ केलं का?

शंभर दिवसांत आठ लाखांवर माणसं गेली, रवांडा सरकार दहा लाखांवर म्हणतं. जुलैमध्ये पॅट्रिऑटिक फ्रंट जिंकली, मारेकऱ्यांसकट लाखो हुतू शेजारच्या झैरला (आताच्या काँगोत) पळाले, तिथल्या गोमाच्या छावण्यांत कॉलऱ्याने पटापट मेले, आणि छावण्यांत इंटरहाम्वेच दादागिरी करत होते. त्यातून १९९६ आणि १९९८ ची काँगो युद्धं झाली, तो भाग अजून शांत नाही.

मोठ्या सूत्रधारांसाठी अरुशाला यूएनचं कोर्ट होतं, १९९८ मध्ये तिथे आकायेसू नावाच्या मेयरला दोषी ठरवताना बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग असू शकतो असं पहिल्यांदा म्हटलं गेलं. पण देशात लाखाच्या वर कैदी होते आणि वकील-न्यायाधीशच मारले गेलेले. म्हणून गाचाचा, गवतावर बसून चालणारी जुनी गावसभा, तिचंच कोर्ट केलं. साधारण १२,००० कोर्टं, २०१२ मध्ये बंद होईपर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणं. गुन्हा कबूल करा, प्रेत कुठे टाकलं ते दाखवा, शिक्षा कमी होईल. आरोपीला वकील नाही, खोटे आरोप झाले, साक्ष दिली म्हणून काहींचे खून झाले, आणि फ्रंटच्या सैनिकांनी केलेल्या हत्या तिथे आल्याच नाहीत, ही मला त्यातली सगळ्यात मोठी खोट वाटते. तरी कित्येक बायकांना आपला नवरा कुठल्या खड्ड्यात आहे ते तिथेच कळलं.

माफीबद्दल म्हणाल तर कार्डावरून हुतू-तुत्सी गेलंय, फूट पाडणारं बोलणं कायद्याने गुन्हा आहे आणि तो कायदा सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांवरही वापरला जातो अशी टीका होते. माणसं एकाच विहिरीवर पाणी भरतात, त्याला माफी म्हणायचं की इलाज नाही म्हणायचं हे बाहेरून आपण ठरवू नये. बलात्कारातून जन्मलेली हजारो मुलं आता तिशीत आहेत, ती १९९४ नंतर जन्मली म्हणून वाचलेल्यांच्या सरकारी मदतीतही बसली नाहीत. आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून हुये जिल्ह्यात एका घराचा पाया खणताना सांगाडे निघायला लागले, शेकड्यांनी निघाले, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं त्या मढ्यांवर कोणीतरी राहत होतं, आणि गाचाचा येऊन गेली तरी तिथे कोणी तोंड उघडलं नव्हतं.