कमी चाललेल्या बाइकचा टॅपेटचा आवाज: टाइट करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांत बाइक जेमतेम ७,००० किलोमीटर चालली, सकाळी सुरू केली की हेडमधून टिकटिक येते, मेकॅनिक म्हणतो टॅपेट (म्हणजे हेडमध्ये व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधला गॅप) टाइट करून टाकू. करू द्यावं का?

नाही. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या) न काढता जो "टाइट करून टाकू" म्हणतो, त्याच्या हातात गाडी देऊ नका. मी एक व्हॉल्व्ह जाळून हे शिकलोय. खरं तर जाळला दुसऱ्यानेच, पैसे माझे गेले.

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्करचे (फौजेतले नव्हे, लष्कर हा गावाचा भाग). इथे व्यापार मेळ्यात रोड टॅक्सला सूट मिळाली की लोक गरज नसताना गाड्या घेतात. बाबांनीही तशीच एक १५० सीसीची घेतली. जनकगंज ते बाडा (आमचा बाजारचौक), भाजी, परत घर. इंजिन नीट गरम व्हायच्या आत गाडी स्टँडवर. सहा वर्षांत ५,००० किलोमीटरही झाले नाहीत. सर्व्हिसिंग किलोमीटर बघून करायचं, म्हणजे झालंच नाही. माझ्याकडे आली तेव्हा टिकटिकत होती.

आमच्या दाजींना गाडीतलं सगळं कळतं. ताईच्या लग्नापासून आमच्या घरात हे कुणी नाकारलेलं नाही. त्यांनी आवाज ऐकला, तोंड वाकडं केलं आणि मला त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेलं. गाडी नुकतीच चालवत आणलेली, हेडला हात लावला तर चटका बसेल अशी. त्याने झाकणं उघडली, कान लावून टॅपेटचा स्क्रू पिळला, तो जागेवर धरणारा चेकनट आवळला. "अब आवाज नहीं आएगी, साहब." खरंच आली नाही. दाजी परत येताना म्हणाले, "बघ, शिलाई मशीन झाली."

तीन महिन्यांत शिलाई मशीन सकाळी सुरू होईना. किक पायाखाली पोकळ लागायची, सायलेन्सरमधून फटफट. हेड उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळका वायू बाहेर सोडणारा तो) कड एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी. नवा व्हॉल्व्ह, त्याची सीट (तो टेकतो ती जागा) घासणं, गॅस्केट, मजुरी. दाजींचं निदान: पेट्रोल भेसळीचं.

पेट्रोल नव्हे हो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर टेकलेला असतो तेवढ्याच वेळात आपली बरीचशी उष्णता हेडला देतो. व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यात गॅपच ठेवला नाही तर तो पुरता टेकत नाही, जळता वायू कडेने निसटतो आणि कड खातो. शिवाय चालता चालता व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो, तसा गॅप बरेचदा आपोआप कमी होतो आणि आवाजही. म्हणून टिकटिकणाऱ्या गाडीपेक्षा हळूहळू गप्प होत गेलेल्या गाडीची मला जास्त भीती वाटते. दाजींना हे आजही पटत नाही.

त्यानंतर फिलर गेज घेतला आणि स्वतः बसलो. मॅन्युअल म्हणतं इंजिन ३५ अंशांच्या खाली हवं. मे महिना, ग्वाल्हेर, दुपारी ४५! म्हणून पहाटे पाचला अंगणात. मॅग्नेटच्या झाकणावरच्या खिडकीत टीची खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळवली. रॉकर बोटाने हलेनात, म्हणजे स्ट्रोक चुकीचा, व्हॉल्व्ह मोकळे नाहीत. आणखी एक पूर्ण फेरा. माझ्या गाडीला इनलेट ०.०८, एक्झॉस्ट ०.१२ मिलिमीटर. पाती किंचित अडत सरकली पाहिजे. चेकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि लावलेला गॅप बदलतो, तीनदा करावं लागलं. सुरू केली, बारीक टिकटिक राहिली. दाजी चहाचा कप घेऊन बाहेर आले. "राहिलाच की आवाज."

तुमच्या गाडीचं म्हणाल तर आधी ऑइल बदला. कमी चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, पाण्याची वाफ ऑइलमध्येच राहते, म्हणून तिथे किलोमीटर नाही, महिने मोजायचे. सुरू केल्यावर काही सेकंदच वाजत असेल तर ऑइल वर पोचेपर्यंतचा आवाज समजा. एक्झॉस्टचं गॅस्केट फुंकत असेल तरी अगदी टॅपेटसारखं वाजतं. आणि गाडी फ्युएल इंजेक्शनची असेल तर इंजेक्टरही टिकटिकतो, त्याला टाइट करायला काही नाही. यातलं काहीच नसेल तर रात्रभर गाडी मेकॅनिककडे ठेवा, सकाळी समोर उभं राहून फिलरने मोजून घ्या.

एक राहिलंच. हे सगळं स्क्रूवाल्या रॉकरचं. हायड्रॉलिक टॅपेट असतील, जसे जुन्या युसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनच्या बुलेटला आहेत, तर सेटिंग नसतंच. शिमवालं (गॅप पातळ चकत्यांनी ठरतो असं) इंजिन असेल तर घरी हात लावू नका. आणि टॅपेटच्या झाकणांचे ओ-रिंग नवे आणून ठेवा. मी जुनेच लावले, दुसऱ्या दिवशी बाड्यावर पोचेपर्यंत पँटवर ऑइलचे डाग. त्यावरूनही दाजी बोललेच.