माझे सिफू इप मॅन यांच्या परंपरेतले आहेत, हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचे सिफू (म्हणजे गुरू) स्वतःला विंग चुन या चिनी युद्धकलेचे गुरू इप मॅन यांच्या शिष्यपरंपरेतले म्हणवतात, क्लासच्या भिंतीवर त्यांचा फोटोही आहे, पण मधली नावं विचारली की दर वेळी थोडी वेगळी ऐकू येतात. ही परंपरा शोधायची कशी आणि इप मॅन यांचे शिष्य नक्की कोण कोण, असा तुमचा प्रश्न आहे.

मी स्वतः विंग चुन शिकतो आणि या घराण्याची माहिती जमवण्याचा मला नाद आहे. माझा सल्ला असा, की नुसते वर चढत जाऊ नका, आडवे जा. गुरू, गुरूंचे गुरू, त्यांचे गुरू ही यादी सांगणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो, आणि त्या यादीत त्याचा स्वतःचा मान गुंतलेला असतो. गुरुबंधूंचं तसं नसतं. एका खोलीत, एका काळात घाम गाळलेली माणसं एकमेकांना पक्की ओळखतात. म्हणून प्रत्येक नावापाशी थांबून एकच विचारायचं: यांच्याबरोबर आणखी कोण शिकत होतं?

इप मॅन यांचं स्वतःचं शिक्षणच बघा. त्यांचा जन्म १८९३ साली दक्षिण चीनमधल्या फोशानचा, घर सुखवस्तू. त्यांच्या कुळाच्या पूर्वजमंदिराची जागा भाड्याने घेऊन चान वा-शुन तिथे विंग चुन शिकवत. चान यांचा धंदा नाणी मोडून देण्याचा, म्हणून लोक त्यांना ‘नाणवटी वा’ म्हणत. इप मॅन हे त्यांचे अगदी शेवटचे शिष्य. तोवर चान म्हातारे झाले होते, आणि या मुलाकडून प्रत्यक्ष मेहनत बरीचशी करून घेतली ती एन्ग चुंग-सो या थोरल्या शिष्याने. गुरुपरंपरेच्या तक्त्यांमध्ये मात्र ‘चान वा-शुन, मग इप मॅन’ एवढंच छापलेलं असतं. एन्ग चुंग-सो कुठेच दिसत नाहीत. ज्यांनी रोज हात धरून शिकवलं त्यांचं नाव असं गळून पडतं याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या सिफूंच्या बाबतीतही नावं बदलताना दिसतात त्यामागे लबाडीच असेल असं धरू नका. दीक्षा एकाची आणि तालीम दुसऱ्याची, असं अनेकदा असतं.

पुढे इप मॅन शिक्षणासाठी हाँगकाँगला गेले आणि तिथे त्यांना लेउंग बिक भेटले, ही प्रसिद्ध हकीकत. लेउंग बिक हे चान यांचे गुरू लेउंग जान यांचे चिरंजीव. या भेटीला मुख्य आधार आहे तो स्वतः इप मॅन यांच्या सांगण्याचा, आणि काही अभ्यासकांनी तिच्याबद्दल शंका घेतली आहे. मी माझ्या टिपणात हा दुवा पेन्सिलीने काढतो. चान यांचा शाईने, कारण त्यांच्या इतर शिष्यांच्या शाखाही तेच सांगतात.

लेउंग जान फोशानमधले नावाजलेले वैद्य होते. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि शिष्य मोजकेच. त्यांचे गुरू वोंग वा-बो आणि लेउंग यी-ताई, दोघेही लाल होड्यांतून गावोगाव फिरणाऱ्या कँटनी संगीत नाटक मंडळ्यांतले. इथून मागे कागद जवळजवळ संपतात आणि त्याला कारण आहे. १८५४ साली ली वेनमाओ या नटाने तेव्हाच्या चीनमधल्या छिंग राजवटीविरुद्ध बंड केलं. ते मोडल्यावर कँटनी नाटकावर बंदी आली, फोशानमधलं नटांच्या संघाचं सभागृह पाडलं गेलं, नटमंडळी मारली गेली किंवा लपून राहिली. अशा माणसांनी आपण कोणाचे शिष्य हे लिहून ठेवायचं कशाला?

त्याच्याही मागे एन्ग मुई ही भिक्खुणी, जळालेला दक्षिण शाओलिन मठ आणि यिम विंग-चुन ही तरुणी. इप मॅन यांनीही ही कथा आपल्या हाताने लिहून ठेवली आहे. ती सुंदर आहे, क्लासमध्ये जरूर सांगावी, पण समकालीन पुरावा तिला नाही. तिथवर तक्ता नेणारा कोणी भेटला तर तेवढ्यावरून त्याची पारख करू नका. सगळेच नेतात. पारख अलीकडच्या तीन-चार नावांवर होते.

आडवं जाण्याचा खरा फायदा फोशानमध्ये कळतो. विंग चुन म्हणजे इप मॅन एवढंच समीकरण सिनेमाने करून ठेवलंय, पण त्यांच्याच गावात त्यांच्याशी संबंध नसलेल्या शाखा होत्या. युएन के-सान यांनी फोक बो-चुएन आणि फुंग सिउ-चिंग यांच्याकडून विद्या घेतली, त्यात लेउंग जान येतच नाहीत. त्यांचे शिष्य सम नुंग यांनी ती ग्वांगझोऊमध्ये वाढवली. युएन यांचे थोरले भाऊ युएन चाई-वान व्हिएतनामला गेले, तिथलं विंग चुन त्यांचं. लेउंग जान स्वतः उतारवयात आपल्या गुलाव गावी परतले आणि तिथे त्यांनी लांबलचक फॉर्मऐवजी (फॉर्म म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) सुटे, छोटे डाव शिकवले. गुलाव शाखा आजही तशीच शिकवते. तेव्हा तुमच्या क्लासमध्ये सुट्या डावांवर भर असेल, तर तुमची परंपरा खोटी नसून वेगळ्याच फांदीवरची असू शकते, आणि भिंतीवर इप मॅन यांचा फोटो केवळ आदराने लावलेला असेल.

आता इप मॅन यांचे शिष्य. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचं उत्तर बहुधा याच काळात आहे.

हाँगकाँगच्या आधी, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, जपानी अंमल असताना त्यांनी फोशानमध्ये थोड्या जणांना शिकवलं. त्यांतले क्वोक फू आणि लुन काई पुढे चीनमध्येच राहिले आणि म्हातारपणापर्यंत शिकवत होते. १९४९ नंतर इप मॅन हाँगकाँगला आले ते रिकाम्या हाताने. १९५० मध्ये हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत त्यांनी वर्ग सुरू केला. तिथले पहिले शिष्य लेउंग शेउंग, त्यांच्यामागोमाग लोक यिउ आणि संघटनेचे चिटणीस म्हणून काम करणारे चू शोंग-तिन. मग वोंग शुन-लेउंग, गच्च्यांवरच्या आव्हानाच्या लढतींमुळे गाजलेले. हे चौघं हाँगकाँगच्या पिढीचे वडीलधारे. पुढच्या वर्षांत हो काम-मिंग (त्यांनी मकावला शिकवलं), मोय यात (चित्रकार, शिक्के कोरणारे, १९७३ मध्ये न्यू यॉर्कला गेले), विल्यम च्युंग (ऑस्ट्रेलियाला गेले) आणि आणखी पुष्कळ जण आले.

ब्रूस ली कुमारवयात आला आणि १९५९ मध्ये अमेरिकेला निघून गेला. शिष्य तो इप मॅन यांचाच, पण त्याची बरीच तालीम वोंग शुन-लेउंग यांच्या हाताखाली झाली आणि अभ्यासक्रम पूर्ण व्हायच्या आतच त्याने हाँगकाँग सोडलं. पुन्हा तीच गोष्ट, दीक्षा एकाची, तालीम दुसऱ्याची.

इप मॅन यांचे चिरंजीव इप चुन आणि इप चिंग १९६२ मध्ये हाँगकाँगला आले आणि त्यानंतर वडिलांकडे शिकू लागले. इप चुन यांचा जन्म १९२४ चा, म्हणजे त्यांनी सुरुवात केली तेव्हा चाळिशी जवळ आली होती. रक्ताचं नातं असूनही विद्येत ते लेउंग शेउंग यांच्या पिढीला धाकटे. ‘आमची परंपरा थेट कुटुंबातून’ असं कोणी सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा. ज्येष्ठता कोण आधी आला यावर ठरते, आणि ती मंडळी हे अतिशय काटेकोरपणे पाळतात.

ते किती काटेकोर असतं ते सामूहिक फोटोत बघा. वाढदिवसाच्या मेजवानीचा किंवा नव्या जागेच्या उद्घाटनाचा असा एखादा फोटो तुमच्या सिफूंकडे असेल तर मागून घ्या आणि सावकाश वाचा. मधोमध खुर्चीवर गुरू. त्यांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर वडील शिष्य, जितका जुना तितका गुरूंच्या जवळ. मागे उभे ते नंतरचे, आणि अगदी कडेला किंवा जमिनीवर बसलेली पोरं सर्वांत नवी. मागच्या फलकावर बहुधा जागेचं नाव आणि साल असतं. ज्यांना ‘अंतरंग शिष्य’ म्हणून सांगितलं जातं ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत कडेला उभे असतील, तर त्या वर्षी तरी ते नवखे होते. उलट गुरू आणि शिष्य दोघंच हस्तांदोलन करताहेत असा रंगीत फोटो काहीच सांगत नाही. सेमिनारला पैसे भरून गेलेल्या प्रत्येकाकडे तो असतो.

दीक्षेचा विधीही माहीत असू द्या. शिष्य गुडघे टेकून गुरूंना दोन्ही हातांनी चहाचा पेला देतो, लाल पाकीट देतो, गुरू चहा पितात आणि शिष्य घरात घेतला जातो. आपल्याकडच्या गंडाबंधनासारखंच हे. आणि इथेही गंडा न बांधता वर्षानुवर्षं शिकलेले असतात, तसे गंडा बांधून चार महिन्यांत गेलेलेही. म्हणून ‘शिष्य होते का’ एवढंच विचारून भागत नाही. कुठल्या वर्षी, कुठल्या जागेत, किती काळ आणि कुठवर, हे विचारा.

जागा फार उपयोगी पडते. इप मॅन यांचा वर्ग सतत हलत राहिला: हॉटेल कामगारांच्या संघटनेची जागा, याउ मा तेईमधली ली तात स्ट्रीट, ली चेंग उक वसाहत, आणि आणखी कितीतरी. १९६७ मध्ये विंग चुनची स्वतःची संघटना नोंदली गेली तेव्हा कुठे पक्का पत्ता मिळाला. खरोखर शिकलेला माणूस जिना, गच्ची, खोलीची रुंदी, शेजारचा गोंगाट सांगतो, आणि त्याच जागेतले दुसरे शिष्य तेच सांगतात.

‘कुठवर’ याचा अर्थ अभ्यासक्रमात कुठवर. सिउ निम ताउ, चम किउ, बिउ जी हे तीन फॉर्म, मग लाकडी पुतळा, लांब काठी आणि शेवटी जोडसुऱ्या. काठी-सुऱ्यांपर्यंत फार थोडे पोचले. इप मॅन यांचा पुतळ्याचा फॉर्म ११६ हालचालींचा. १९७२ मध्ये, जाण्याच्या थोडे दिवस आधी, आजाराने अंगात त्राण नसताना त्यांनी आपलं काम कॅमेऱ्यासमोर करून ठेवलं. ती फिल्म बघाच. तुमच्या सिफूंचं सिउ निम ताउ आणि त्यातलं सिउ निम ताउ शेजारी ठेवलं की नात्याचा अंदाज येतो. दोन्ही हुबेहूब मात्र असणार नाहीत, कारण त्यांनी वीस वर्षांत वेगवेगळ्या शिष्यांना वेगवेगळ्या तऱ्हेने शिकवलं.

काही दावे मात्र लगेच बाजूला ठेवता येतात. इप मॅन १९७२ च्या डिसेंबरात गेले, तेव्हा १९६५ नंतर जन्मलेला कोणीही त्यांचा थेट शिष्य नाही. त्यांनी पट्टे दिले नाहीत, त्यामुळे ‘इप मॅन यांच्याकडून ब्लॅक बेल्ट’ हे प्रमाणपत्र खोटं. आणि ‘इतरांना दिली नाही ती गुप्त विद्या मला एकट्याला दिली’ असं कोणी म्हणालं, तर साक्षीला एकही गुरुबंधू उरत नाही, त्यामुळे मी तो दुवा कोराच सोडतो.

आणखी एक काम आधी करा. प्रत्येक नाव चिनी अक्षरांत मागून घ्या. कँटनी आणि मँडरिन उच्चारांमुळे एकच माणूस दोन ठिकाणी दोन नावांनी भेटतो. इप मॅन म्हणजेच ये वेन, लेउंग जान म्हणजेच लियांग झान, आणि व्हिएतनाममध्ये युएन चाई-वान यांचं नाव न्गुयेन ते कोंग. तुमच्या सिफूंनी दर वेळी वेगळी नावं सांगितली त्यातलं निम्मं इथेच सुटू शकेल.

सिफूंना विचारताना चारचौघांत, क्लास चालू असताना विचारू नका. तालीम संपल्यावर थांबा, चहाला बसा, आणि ‘तुमचे गुरुबंधू कोण, आता कुठे असतात’ इथून सुरुवात करा. शिकवणारी माणसं आपल्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल मनापासून बोलतात. चेहरे, टोपणनावं, कोणाचा हात जड होता, सगळं निघतं. ते लिहून घ्या आणि मग त्या गुरुबंधूंपैकी एकाला पत्र लिहा, सिफूंना सांगून.

सिफूंच्या गुरूंचं नाव चिनी अक्षरांत आणि त्यांनी शिकलेली वर्षं मिळाली तर इथेच खाली लिहा. १९५० नंतरच्या हाँगकाँग शाखांपैकी कोणी असेल तर मी माझ्याकडच्या टिपणांशी ताडून बघतो.