'बॉयकॉट' वापरताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं भाषांतर वाचलं. 'गावकऱ्यांनी मतदानावर बहिष्कार टाकला' याचं तू 'द व्हिलेजर्स पुट बॉयकॉट ऑन द इलेक्शन' असं केलंस. आपल्या 'वर'चा 'ऑन' झाला आणि 'टाकला'चा 'पुट'. बॉयकॉट स्वतःच सकर्मक क्रियापद आहे, त्याला हे टेकू नकोत. 'द व्हिलेजर्स बॉयकॉटेड द इलेक्शन' एवढं पुरे.

हा शब्द मुळात एका माणसाचं आडनाव, हे तुला ठाऊक आहे का? चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी. 1880 साल. पिकं हातची गेलेली, कुळं खंडात सूट मागत होती आणि हा त्यांना जमिनीवरून काढायला निघाला. त्याच सप्टेंबरात आयरिश नेता पार्नेलने एनिस गावच्या सभेत सांगितलं होतं, की बेदखल झालेल्याची जमीन जो घेईल त्याला रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी देवळातसुद्धा एकटं पाडा. मेयोच्या लोकांनी तेच हत्यार कारभाऱ्यावर चालवलं. घरचे गडी काम सोडून गेले, दुकानदार सामान देईनात. शेवटी शेतातलं पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बंदोबस्तावर झाला! वर्ष सरायच्या आत बॉयकॉट देश सोडून गेला आणि त्याचं नाव वर्तमानपत्रांत क्रियापद होऊन बसलं. पुढे फ्रेंच आणि जर्मननेही ते उचललं.

म्हणून मला या शब्दात कुळाने कारभाऱ्याकडे फिरवलेली पाठ दिसते. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार याच जातीचा, परदेशी मालावरचा. पण आपल्याकडे 'वाळीत टाकणं'ही आहे. तिथे अख्खी जात किंवा गाव एका घरावर उलटतं, पाणी तोडतं, लग्नाला-मयताला येत नाही. त्याला नुसतं 'बॉयकॉट' म्हटलं तर त्यातलं क्रौर्य पुसट होतं. महाराष्ट्राने 2016 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' असं आहे. त्यातला 'सोशल' गाळू नकोस. आणि बाबासाहेबांनी 1927 मध्ये काढलेल्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाच्या नावातल्या 'बहिष्कृत'ला 'बॉयकॉटेड' कधी करू नकोस. ती माणसं समाजाने वेशीबाहेर ठेवलेली होती.

तुझ्या दुसऱ्या उताऱ्यात विहिरीवर पाणी नाकारलेल्या कुटुंबाला तू 'ऑस्ट्रसाइझ्ड', म्हणजे वाळीत टाकलेलं, असं म्हटलं आहेस. ते तसंच राहू दे.