ईशापूरच्या १९४२ च्या .३०३ वरचे ठसे: तार, आडवा स्क्रू आणि खोडलेला नंबर

तुम्ही मिशिगनमध्ये घेतलेल्या ली-एनफिल्ड रायफलीचे फोटो मोठे करून नीट पाहिले. तुमचे प्रश्न थोडक्यात असे: बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) हँडलखाली मुकुट, जी.आर.आय., ईशापूर आणि १९४२ हे ठसे काय सांगतात. मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) जरा पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रू आणि पुढच्या लाकडावर गुंडाळलेली तार कुणी लावली. आणि बोल्टवरचा नंबर खोडून दुसरा का मारलाय. दुकानदाराने 'घरगुती डागडुजी केलेली' म्हणून स्वस्तात दिली, असंही तुम्ही लिहिलंय. ही घरगुती डागडुजी अजिबात नाही. तार, स्क्रू आणि खोडलेला नंबर ही सगळी सरकारी कामं आहेत आणि तिघांचा मेळ बसतो.

आधी मुकुट. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलींवर जी.आर. असतं, म्हणजे राजा जॉर्ज. भारतातल्यांवर शेवटी आय वाढतो, तो 'इम्पेरेटर'चा, म्हणजे सम्राट. ईशापूरचा रायफल कारखाना कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी, १९०४ पासूनचा. तुमची रायफल नंबर १ मार्क ३ स्टार. १९१६ मध्ये घाईच्या उत्पादनासाठी मार्क ३ मधले मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधून गोळी वर येणं थांबवणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याच्या नेमासाठी बाजूला असलेल्या साइट्स काढून टाकल्या, तोच हा स्टार. बाणाच्या टोकासारख्या तीन रेघा आणि त्याखाली आय असा छोटा ठसा शोधा, ती भारत सरकारच्या मालकीची खूण. बाण सी अक्षराच्या आत असेल तर कॅनडा, यूच्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर ती रायफल सैन्याने रीतसर विकून टाकलेली.

आता स्क्रू. वापरून वापरून आणि हवामानाने पुढचं लाकूड तिथे चिरतं, म्हणून ते आवळून धरायला भारतीय शस्त्रागारांत असा आडवा स्क्रू घालत. जाणकार त्याला 'ईशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात. तो दिसला की रायफल भारतीय सेवेत होती असं मी बेलाशक मानतो, मग ती बनलेली कुठलीही असो.

तार जास्त महत्त्वाची. नळीच्या तोंडावर लोखंडी कप बसवायचा, त्यात ३६ नंबरचा मिल्स ग्रेनेड (हातबॉम्ब) ठेवायचा आणि बिनगोळीच्या काडतुसाने तो फेकायचा, अशी पद्धत होती. त्याचा झटका साध्या गोळीपेक्षा कितीतरी मोठा. लाकूड फुटलं किंवा नळी फाटली तर तुकडे जवानाच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून ती तार गुंडाळून डाख द्यायचे. तुमच्या तिसऱ्या फोटोत वेढ्यांवर राखाडी पट्टे दिसतात ना, तो डाख आहे. तो खरवडू नका आणि तार सोडवू नका. ब्रिटिशांकडे अशा रायफलींवर ई.वाय. असा ठसा मारत. त्याचा अर्थ, ग्रेनेडसाठी वापरा, साधी गोळी फक्त निकडीच्या वेळी.

खोडलेला नंबर पाहून तुम्ही नाराज झालात, पण मला तो आवडला. जुन्या नंबरावर सरळ रेघ मारून शेजारी रिसीव्हरचाच (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्याचाच) नंबर ठोकलाय, म्हणजे आर्मररने (सैन्यातल्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने) दुसरा बोल्ट नीट बसवून नोंद केलेली. दोन्हीकडे वेगळे नंबर असते आणि खोडाखोड काहीच नसती, तर मी म्हटलं असतं की व्यापाऱ्याने सुट्या भागांतून जोडलेली आहे. नंबर आणखी दोन ठिकाणी जुळवून पाहा: मागच्या साइटच्या पात्याखाली आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या नोजकॅपवर (लोखंडी टोपणावर). नळीवर एफ.टी.आर. (फॅक्टरी थरो रिपेअर, म्हणजे कारखान्यातली पूर्ण दुरुस्ती) किंवा १९४२ नंतरचं साल असेल, तर ती पुन्हा कारखान्यात जाऊन आली. अशोकस्तंभाचे सिंह दिसले तर ती कारखान्याची फेरी १९५० नंतरची.

नक्कल असण्याची शंका तुम्ही शेवटी काढलीत. पेशावर आणि कोहाटच्या मधल्या दर्रा आदमखेलमध्ये हाताने घडवलेल्या .३०३ खूप आहेत आणि त्या ठशांवरूनच पकडल्या जातात. एनफिल्ड या इंग्लंडमधल्या कारखान्याच्या नावातला एन उलटा, स्पेलिंग चुकलेलं, अक्षरं वरखाली. सगळ्यांत सोपी कसोटी राजांची: व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, म्हणून व्ही.आर. आणि त्याखाली १९०१ च्या पुढचं साल असेल तर ती रायफल खोटी. तुमच्या रायफलीत १९४२ आणि सहावा जॉर्ज जुळतात, अक्षरंही एका रेषेत आहेत.

सगळे जादा ठसे कारखान्याचेच असतात असंही नाही. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये एक मार्क ३ आहे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत तुर्कांनी ती जिंकली, तिच्यावर सोनेरी अक्षरात तसं कोरलं, मग ती तुर्कांचा युद्धमंत्री एन्व्हर पाशा याच्याकडून अरब नेता फैसलकडे आणि फैसलकडून ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्सकडे गेली. लॉरेन्सने तिच्यावर स्वतःची आद्याक्षरं कोरली. म्हणून लाकडावरची वेडीवाकडी कोरीव अक्षरंसुद्धा पुसायची नाहीत. मेसोपोटेमियात कुतला १९१६ मध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी शरण गेल्या, तेव्हा त्यांचीही हत्यारं तुर्कांच्या हाती पडली. कुणाला बटावरच्या (खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावरच्या) पितळी चकतीवर असे आकडे दिसले तर कृपा करून फोटो टाका. १९२२ नंतर हे जुने क्रमांक राहिले नाहीत, त्यामुळे अशी चकती त्याआधीची ठरते.

गोळी झाडायच्या आधी एक गोष्ट मात्र नक्की तपासा. कॉलेजात एन.सी.सी. केलेल्यांना डी.पी. (ड्रिल पर्पज) रायफल आठवत असेल: फक्त कवायतीसाठी, चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) भोक पाडून निकामी केलेली. काही व्यापारी असं भोक वेल्डिंगने बुजवतात आणि डी.पी. घासून टाकतात. बट सॉकेटवर (बट जिथे बसतं त्या लोखंडी खोबणीवर) घासल्याची खोलगट जागा, चेंबरवर वेगळ्या रंगाचा गोल डाग, लाकडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा यांपैकी काहीही दिसलं तर ती रायफल भिंतीवरच शोभेल. तुमच्या फोटोत चेंबरची डावी बाजू लाकडाखाली झाकली गेली आहे, म्हणून मी हमी देणार नाही. तार तशीच ठेवून ती बाजू गनस्मिथकडून तपासून घ्या, आणि पुढचं लाकूड काढल्याशिवाय बट जोडून ठेवणारा लांब बोल्ट फिरवू नका. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. तो फिरला की लाकूड चिरतं. कितीतरी चांगल्या रायफली याच घाईत वाया गेल्या आहेत.

ठसे वाचायला वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर नको. अंधारात टॉर्च तिरका धरा, नाहीतर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवा. त्यानंतर गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधल्या काडतुसाची बैठक यांच्यातलं अंतर) मोजून घ्या. तारेची रायफल ग्रेनेडचे झटके खाऊन आलेली असते, तेव्हा ही तपासणी टाळू नका.

सोबत मिळालेल्या काडतुसांच्या बुडावर के आणि एफ आहे, ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी बार पेटवणारी जी छोटी टोपी असते, तिच्यातले क्षार नळीला गंज लावतात, म्हणून अशी काडतुसं झाडलीत तर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओता, कोरडी करा आणि मग तेल. चेंबरच्या डाव्या बाजूचा फोटो आला की पुढचं सांगतो.