आधी टाइम ऑफिसात बसावे, मग चॅटबॉट तयार करावा

पालकांचे पत्र, थोडक्यात: माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चिंचोळी एमआयडीसीत आमच्या परिचितांचा टॉवेलचा कारखाना आहे. तेथे नव्याने लागणाऱ्या कामगारांच्या शंकांना उत्तरे देणारा एआय चॅटबॉट हा प्रकल्प तिने घेतला आहे. असे चॅटबॉट तासाभरात तयार होतात, असे ऐकतो. मग यातून नोकरी मिळेल का, की तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात? (एक पालक, सोलापूर)

स.न.वि.वि.

आपण ऐकले ते खरे आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने नुसता चॅटबॉट तयार करता येण्याला आता फारशी किंमत उरलेली नाही. किंमत आहे ती त्याने दिलेले उत्तर बरोबर असण्याला, आणि त्यासाठीचे बरेचसे काम संगणकाबाहेरचे आहे.

एकच प्रश्न घ्या. महिन्याच्या नऊ तारखेला कामावर लागलेला कामगार पहिल्या पगाराला विचारतो, ‘पैसे कमी का आले?’ उत्तर द्यायचे तर हजेरीचे दिवस, भविष्य निर्वाह निधीची १२ टक्के कपात, कर्मचारी राज्य विमा योजना लागू असल्यास ०.७५ टक्के वर्गणी आणि मध्येच घेतलेली उचल, एवढे सगळे पाहावे लागते. कपातीचे दर कोठेही वाचायला मिळतात. पण हजेरी कोणत्या तारखेला बंद होते आणि उचल किती हप्त्यांत वळती होते, हे त्या कारखान्यालाच ठाऊक असते. चॅटबॉटमागचे भाषेचे मॉडेल मात्र ठाऊक नसतानाही अस्खलित उत्तर देते. म्हणून कारखान्याचे नियम, परिपत्रके आणि सुट्ट्यांची यादी लहान तुकड्यांत साठवून, प्रश्नाशी जुळणारे तुकडे आधी शोधायचे आणि त्यांच्याच आधारे उत्तर तयार करून घ्यायचे, अशी रचना करतात. तिला ‘रॅग’ म्हणतात. ती आपल्या मुलीला आठवड्याभरात जमेल. अडचण पुढेच आहे, कारण पुष्कळसे नियम कागदावर नसून टाइम ऑफिसातल्या, म्हणजे हजेरीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतल्या, जुन्या कारकुनाच्या डोक्यात असतात.

म्हणून पहिला महिना तिने वही घेऊन त्या कारकुनाच्या शेजारी बसावे आणि आलेला प्रत्येक प्रश्न कामगाराच्याच शब्दांत उतरवून घ्यावा. सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारा कामगार मराठीत विचारतो तेव्हा ती पुस्तकातली मराठी नसते, आणि अनेकजण टाइप करण्याऐवजी बोलूनच निरोप पाठवतील. ही वही परीक्षकांना कोडपेक्षा अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे. ग्रंथालय व्यवस्थापनाचे प्रकल्प पाहून तेही कंटाळलेले असतात.

चॅटबॉटने कोठे गप्प बसावे, हेही तिला ठरवावे लागेल. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला, आणि चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे हा कंपनीचा बचाव न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये फेटाळला. कारखान्यानेही चॅटबॉटच्या उत्तराची जबाबदारी आपलीच, असे धरून चालावे. एखाद्या स्त्री कामगाराने लैंगिक छळाविषयी लिहिले, तर चॅटबॉटने सल्ला देत न बसता कामाच्या ठिकाणच्या अशा छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत समितीच्या सदस्याचे नाव आणि संपर्क तेवढा द्यावा. चाचणीसाठी खऱ्या कामगारांची पगारपत्रके वापरू नयेत, बनावट आकडे घ्यावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा तिने या निमित्ताने वाचलेला बरा.

आता नोकरीविषयी. केवळ या प्रकल्पावर नोकरी मिळेल, असे मी सांगणार नाही. परंतु पायथन ही संगणकभाषा आणि डेटाबेस चांगले येत असून पगार, रजा आणि हजेरीचे व्यवहारही समजणारी मुले कमी असतात, आणि मनुष्यबळ विभागासाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांना अशीच माणसे लागतात. अर्थात त्यासाठी पुण्याला जाण्याची तयारी ठेवावी लागेल. बँकेच्या परीक्षा पदवीनंतरही देता येतात. तिचा स्वतःचा कल तिकडे नसेल, तर आत्ताच प्रकल्प सोडायला लावू नये.

कारखान्याची लेखी परवानगी मात्र लगेच घ्यावी आणि वही दिवाळीच्या महिनाभर आधी सुरू करावी. बोनसचे प्रश्न तेव्हाच येतात, आणि टाइम ऑफिसपुढे एवढी गर्दी पुन्हा वर्षभर दिसत नाही.